बबनरावांचे तीसपैकी तीस

माणसाचं खरं वय त्याच्या रक्तवाहिन्यांवरून ठरतं, असं वैद्यकशास्त्र सांगतं. बाईचं वय आमच्या उमापुरात नवऱ्याच्या वयातून पाच वजा करून काढतात. दोन्ही पद्धती शास्त्रीयच; दुसरीला मशीन लागत नाही, एवढाच फरक.

या भक्कम पायावर आमच्या समितीनं फेब्रुवारीत 'रक्तवाहिनी व मेंदू तपासणी महाशिबिर' भरवलं. अध्यक्ष सुंदरराव, सचिव मी. अहवालही मीच लिहितोय, तेव्हा समितीला कमीपणा येईल असं त्यात काही सापडणार नाही. एकशे सेहेचाळीस पुरुष तपासले. महिलांसाठी बारा ते एक अशी खास वेळ राखली होती. त्याच वेळेला पुरुषांची पंगत बसली आणि वाढायला बायका लागल्या. महिलांची हजेरी शून्य भरली. 'महिलांमध्ये आरोग्याबाबत जागृती नाही,' असा शेरा मी मारून ठेवला आहे.

मेंदूच्या तपासणीला बीडहून डॉक्टर तेजश्री मॅडम आल्या होत्या. बाई हुशार, पण नियमाला फार धरून. पहिला मान माजी सरपंच बबनराव यांचा, वय सदुसष्ट. मॅडमनी आजची तारीख विचारली. बबनरावांनी मान मागं वळवली. मागं त्यांची फाइल आणि गोळ्यांची पिशवी धरून त्यांच्या पत्नी सारजाबाई उभ्या होत्या.

"आज कितवी हाय गं?"

"सतरा."

"सतरा," बबनराव म्हणाले.

मग मॅडमनी लिंबू, कुलूप आणि घोंगडी असे तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले आणि पाच मिनिटांनी विचारले. "सांग की," बबनराव म्हणाले. सारजाबाईंनी तिन्ही सांगितले. असं करत तीसपैकी तीस झाले.

"अहो, उत्तरं या देताहेत. गुण यांना कसे देऊ?" मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, शेतात बी त्याच राबत्यात," सुंदररावांनी समजावलं. "पर सातबारा कुणाच्या नावावर हाय?"

हा मुद्दा बिनतोड होता. एकशे एकतीस जणांना पैकीच्या पैकी पडले. (उरलेले पंधरा विधुर निघाले.)

पुढं रक्तदाब. बबनरावांचा एकशे अठ्ठावीस आणि ब्याऐंशी आला. इतका चांगला कसा, म्हणून त्यांना मशीनचाच संशय आला. तपासून बघायला कुणाचा तरी दंड हवा होता. सारजाबाई रिकाम्याच उभ्या होत्या. आकडा आला एकशे शहाण्णव आणि एकशे बारा. मशीन खराब आहे हे सिद्ध झालं. मॅडमनी आणखी दोनदा मोजलं, मशीननं दोन्ही वेळा तीच चूक केली.

"मावशी, काय त्रास होतो तुम्हाला?"

"काई न्हाई. डोस्कं लई दुखतंय, चक्कर येती. परवा भाजीत मीठ दोनदा पडलं, एवढंच."

"पाळी कधी बंद झाली?"

"बत्तिसाव्या वर्सीच पिशवी काढली की. अंडाशयं बी. तवा सगळ्याच काढायच्या."

मग मॅडमनी भाषण दिलं. पाळी आहे तोवर बाईच्या रक्तवाहिन्या बऱ्याच लवचिक राहतात, ती गेली की भराभर ताठरतात आणि त्याचा मार मेंदूला बसतो. इतक्या लवकर अंडाशयं काढली तर हे सगळं आधीच सुरू होतं. थोडक्यात, सारजाबाईंच्या शिरा नवऱ्याच्या पुढं निघून गेल्या होत्या. (बाईनं नवऱ्याच्या पुढं जाऊ नये, असा आमच्याकडं रिवाज आहे.)

"ती पाच वर्सांनी लहान हाय माझ्यापेक्षा," बबनराव शांतपणे म्हणाले. "तिच्या शिरा कशा म्हाताऱ्या होतील?"

मॅडमनी चिठ्ठी लिहून दिली, 'आजच बीडला न्या.' समितीनं त्यावर तातडीनं अंमल केला. मशीन त्याच दुपारी जीपनं बीडला दुरुस्तीला गेलं. सारजाबाई चालत घरी गेल्या, पाहुण्यांचा स्वयंपाक पडला होता. जीपमध्ये तीन जागा रिकाम्या होत्या, पण अहवालात त्याची नोंद करण्याचं कारण नाही. आठ दिवसांनी मशीन परत आलं, 'दोष आढळला नाही' अशा शेऱ्यासह. तो फाइलला लावला आहे.

तीन महिन्यांनी फेरतपासणी झाली. मधल्या काळात सारजाबाई चुलीपुढं पडल्या होत्या. उजवा हात लुळा झाला, बोलणं अडखळायला लागलं. बबनरावांना तारीख विचारली. "कितवी गं?" सारजाबाईंचे ओठ हलले, शब्द येईना. तीसपैकी नऊ पडले.

मला फार वाईट वाटलं. तीन महिन्यांत एकवीस गुण गेले. समितीची तातडीची बैठक झाली, बबनरावांना संभाजीनगरला नेलं, डोक्याचा एमआरआय काढला. मेंदू स्वच्छ निघाला. फाइल धरायला सारजाबाई सोबत होत्याच. डाव्या हातानं धरली होती.

यातून बोध घेऊन समितीनं पुरुषांसाठी एक स्पर्धा ठेवली आहे. घरातल्या बाईचं बीपी शेवटचं कधी मोजलं आणि किती भरलं, एवढंच लिहून पाठवायचं. जिंकणाऱ्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होईल. आतापर्यंत दोन अर्ज आले, दोन्हींवर अक्षर बायकोचं होतं. माझा अर्ज राहूनच गेला आहे. आपणही भाग घ्यावा. आकडा तिला विचारून लिहिलेला चालणार नाही.