चार बोटांचा धक्का

कुणीतरी धादांत खोटं बोललेलं आहे. हरीण भित्रं असतं, हे ज्याने कुणी पहिल्यांदा लिहून ठेवलं आणि मग पिढ्यान् पिढ्या पोरांच्या पुस्तकांतून छापत ठेवलं, त्याने सातासमुद्रापलीकडच्या वॉलॉंगॉंगमधलं एकही हरीण पाहिलेलं नाही. इथलं हरीण सकाळी सव्वासातला ड्राइव्हवेत येतं, सुहासिनीचं अळू देठासकट खातं आणि गाडी काढायला आलेल्या तिच्या नवऱ्याकडे, रविंद्रकडे, 'आपण कोण?' अशा नजरेने बघतं. हॉर्न वाजवला तर बाजूला होतं. पण कढीपत्त्याच्या बाजूला.

सहा वर्षांपूर्वी रविंद्रने एक छोटासा निर्णय घेतला तो यामुळेच. घरच्या हरणावर गोळी झाडता येत नाही (भर वस्तीत बंदूक काढली असती, तर हरणाआधी रविंद्रच आत गेला असता). म्हणून त्याने रीतसर परवाना काढला. कारखान्यातल्या ग्रॅहमबरोबर, ग्रॅहमच्या भावाच्या गोलबर्नकडच्या फार्मवर जायचं आणि इथल्या अळूचा सूड तिथल्या हरणांवर उगवायचा, असा बेत ठरला.

मुलगी उर्वी तेव्हा चौदा वर्षांची होती. (आता ती युनीत फिजिक्स शिकते आणि मध खाणं हे शोषण मानते.) ती म्हणाली, "बाबा, एकाने अळू खाल्लं म्हणून दुसऱ्याला मारायचं? दॅट्स नॉट जस्टिस."

तिने काळजी करण्याचं कारण नव्हतं. सहा वर्षांत रविंद्रच्या हातून एक पाण्याची टाकी तेवढी जखमी झाली. बाकी सगळे सुखरूप होते. सगळे म्हणजे, रविंद्र सोडून.

कारण त्याची बंदूक वजनाला हलकी आणि काडतुसाला दणकट होती. अशी बंदूक उचलायला बरी. पण गोळी सुटली की ती सगळा राग उचलणाऱ्यावर काढते. त्यात रविंद्रने हौसेने सोळापट मोठं दाखवणारी दुर्बीण वर बसवली होती. तिच्यातून काही दिसायला हवं तर डोळा अगदी चिकटवावा लागे. पहिल्याच वर्षी ती धक्क्यासरशी मागे आली आणि भुवईवर एक सुबक चंद्रकोर कोरून गेली. नेमका पुढच्या आठवड्यात मराठी मंडळात शिवजयंतीचा कार्यक्रम होता. चंद्रकोर जरा तिरकी होती, पण लाल होती. "या वयातही केवढी निष्ठा!" म्हणत मंडळींनी त्याला पहिल्या रांगेत बसवलं आणि वर फेटा बांधला. फेटा बरोबर जखमेवर बसला. रविंद्रच्या डोळ्यांत पाणी आलं, त्याचंही कौतुक झालं.

यंदा मात्र बोटांना मुंग्या यायला लागल्या. फिजिओ लीना मूळची नाशिकची, त्यामुळे ती निदान इंग्रजीत करते आणि रागावते मराठीत.

"काका, मानेतली चकती सरकलीय. हे बंदुकीचे धक्के बंद. नाहीतर पुढच्या वर्षी सर्जरी."

"अगदीच बंद?" रविंद्रचा आवाज इतका बारीक झाला की लीनालाच वाईट वाटलं.

"अगदी हलका धक्का असेल तर चालेलही. पण ते बघून ठरवायला हवं."

"मी बघते," शेजारच्या खुर्चीतून सुहासिनी म्हणाली.

झालं. शनिवारी दोघं बंदुकीच्या दुकानात. काउंटरवर डेब नावाची साठीची बाई होती. सुहासिनीने पर्स काउंटरवर ठेवली आणि साड्यांच्या दुकानात विचारावं तसं विचारलं, "याच्यापेक्षा कमी धक्क्यातलं दाखवा."

डेबने एक जाडजूड बंदूक काढली. वजन जास्त, म्हणून धक्का कमी. रविंद्रने ती खांद्याला लावली आणि मानेत कट् असा आवाज झाला. तो सगळ्यांनी ऐकला.

"मग ही हलकी घे. हिच्या नळीच्या टोकाला भोकं आहेत. त्यातून वायू बाहेर फेकला जातो, धक्का निम्मा होतो."

"आणि आवाज?" सुहासिनीने विचारलं.

"तो जरा वाढतो."

"याला वीस वर्षं कारखान्यात काढून आधीच कानात शिट्ट्या ऐकू येतात."

"मग जड बंदूक तीन पायांच्या स्टँडवर टेकवायची आणि गुडघ्यावर बसून..."

"गुडघे," रविंद्र स्वतःच म्हणाला.

मानेला बरं ते कानाला वाईट, कानाला बरं ते गुडघ्याला वाईट. मेकॅनिक जुन्या गाडीकडे बघतो तसं डेबने रविंद्रकडे बघितलं: पार्ट मिळतील हो, पण बदलायचे किती? शेवटी तिने मध्यम वजनाची, लहान काडतुसाची एक काढली. मागे जाड रबर. दुर्बीण साधी चारपट, पण डोळ्यापासून चार इंच लांब धरली तरी स्वच्छ दिसणारी.

"चारपटच?" रविंद्र हिरमुसला. "हरीण तीनशे मीटरवर असतं."

"मग जवळ जा, मेट," डेब म्हणाली.

नव्या बंदुकीला परवानाही नवा लागतो; त्याचा कागद येईपर्यंत तिला हात लावता येणार नव्हता. आणि सुहासिनीचं म्हणणं असं, की धक्का बघितल्याशिवाय त्याचा फॉर्म भरायचाच नाही. फॉर्म तिने स्वतःच्या पर्समध्ये ठेवला. रविंद्रचे सगळे शनिवार त्या पर्समध्ये गेले.

तेव्हा उर्वी मधे पडली. तिला बंदुका मान्य नव्हत्या. पण आकडेमोड न करता चाललेला वाद तर त्याहून अमान्य होता.

"इट्स सिंपल, गाइज. दहा किलोचं तांदळाचं पोतं गॅरेजमध्ये टांगायचं. मागे ओढून सोडायचं. जुन्या बंदुकीचा धक्का म्हणजे पोतं जागेपासून..." तिने फोनवर हिशेब केला, "बावीस सेंटिमीटर वर."

"वीतभर," सुहासिनी म्हणाली.

"आणि नवीन बंदुकीचा, आठ."

"चार बोटं."

रविवारी दुपारी गॅरेजच्या तुळईला बासमतीचं पोतं लटकलं. बंदुकीच्या जागी उर्वीची जुनी क्रिकेट बॅट: पातं रविंद्रच्या खांद्याला, मूठ पोत्याकडे. "आणि डोळ्याचं काय?" म्हणून सुहासिनीने दुर्बिणीच्या जागी स्टीलचं फुलपात्र बॅटवर सुतळीने बांधलं, मोजून चार इंचांवर. रविंद्र उघड्या दाराकडे पाठ करून उभा राहिला. सुहासिनी आत, हातात पोतं.

"मार," रविंद्र म्हणाला. लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती, पण हा शब्द त्याने प्रथमच वापरला.

एक. दोन. तीन. चार बोटांचा धक्का रविंद्रला आवडायला लागला. सहाव्याला तर तो हसला. "काहीच नाही गं हे!" नऊ झाले. फुलपात्र भुवईच्या जवळपासही आलं नाही. सुहासिनीने दहाव्यासाठी पोतं मागे ओढलं, समोर बघितलं, आणि रविंद्रच्या खांद्यावरून तिला अळूत उभं असलेलं हरीण दिसलं.

"अगं मेले!" ती किंचाळली आणि हातात जे होतं ते तिने हरणाच्या दिशेने भिरकावलं.

हातात पोतं होतं. मध्ये रविंद्र होता.

बॅटची मूठ पोत्यात घुसली, पातं खांद्यात, आणि फुलपात्राने जुन्या चंद्रकोरीच्या शेजारी दुसरी कोरली. रविंद्र हळूहळू, कारखान्याची जुनी चिमणी पाडावी तसा, आडवा झाला. फाटलेल्या पोत्यातून बासमती ड्राइव्हवेच्या उतारावर वाहू लागला.

"बाबा, डोन्ट मूव्ह!" उर्वी धावली. मग तिचा चेहरा उतरला. "आणि बाबा, सॉरी. आईने फेकायच्या आधीचे नऊ धक्केही चुकलेच होते. एनर्जी बरोबर होती, पण पोतं बंदुकीपेक्षा जड. मोमेंटम मी धरलाच नव्हता. खरी बंदूक याहून मऊ लागेल."

"बरं झालं आत्ता सांगितलंस," रविंद्र छताला म्हणाला.

सुहासिनीने फ्रोझन मटारची पिशवी त्याच्या मानेखाली सरकवली आणि जमिनीवरच बसली. "बोटं हलव. सगळी. हं." दहाही हलली, तेव्हा तिने श्वास सोडला. मग म्हणाली, "रवी, खरं सांग. सहा वर्षांत एक हरीण मारलं नाहीस. कशाला जातोस मग?"

रविंद्रला मान वळवता येत नव्हती, त्यामुळे खरं बोलणं जरा सोपं होतं.

"तिथे चार तास मला कुणी काही विचारत नाही गं. कारखान्यात विचारतात, मंडळात विचारतात, फोनवर विचारतात. तिथे गवतात पडायचं, दुर्बिणीतून बघायचं. हरणं चरत असतात. छान असतात ती, लांबून."

"मग नुसती दुर्बीण ने ना!" उर्वी म्हणाली. "व्हाय डू यू नीड अ गन?"

"बंदुकीशिवाय माणूस गवतात चार तास पडला, तर लोक ॲम्ब्युलन्स बोलावतात."

सुहासिनी उठली, पर्समधून फॉर्म काढला आणि मटाराच्या पिशवीशेजारी ठेवला. "भर. पण ती रबरवालीच. आणि दुर्बीण चार इंचांवर. मी मोजेन." बाहेर हरीण अळू संपवून बासमतीकडे वळलं होतं.

दोन महिन्यांनी, लीनाने कुरकुरत 'दिवसाला एकच धक्का' म्हणून परवानगी दिल्यावर, रविंद्र फार्मवर गवतात आडवा झाला. शेजारी ग्रॅहम, डोळ्याला दुर्बीण लावून. समोर नव्वद मीटरवर एक हरीण. (डेबचं ऐकून तो खरंच जवळ गेला होता.) त्याने श्वास रोखला, नेम धरला, चाप ओढला.

खांद्यावर लहान मुलाने थोपटावं तसं झालं. तेवढंच. मान गप्प. बोटांना मुंग्या नाहीत. भुवई कोरडी. रविंद्रने चारदा हात लावून बघितला.

समोरच्या हरणाने मान वर केली, त्याच्याकडे बघितलं आणि परत खाली घालून चरायला लागलं.

ग्रॅहमने डोळ्यावरची दुर्बीण काढली. "बेस्ट बंदूक घेतलीस, मेट," तो म्हणाला. "तुलाही काही झालं नाही, आणि त्यालाही."