बागडेबाबूंच्या कोकराची हजेरी

बागडेबाबू वर्षातून एक जेवण उभ्यानं जेवतात. ईस्टरच्या रविवारी, दुपारी, स्वतःच्या अंगणात, चैत्राच्या उन्हात. कमरेला चामड्याचा पट्टा करकचून बांधलेला, पायात खाणीतले जुने जड बूट, डाव्या हातात काठी आणि उजव्या हातात भाजलेल्या मेंढीच्या मटणाचा तुकडा. पाहुण्यांनीही जेवताना चपला काढायच्या नाहीत, असा त्यांचा हुकूम. माझी आई आयुष्यभर कुणाच्या ओसरीवर चपला घालून चढली नाही. हा हुकूम पाळताना ती दरवर्षी मरणाची अवघडून जायची.

"प्रवासाले निघाल्यासारखं जेवाचं असते," बाबू समजावायचे. "शास्त्रात लिहून हाय. पहिलेच्या लोकायनं गुलामीतून सुटताना असंच खाल्लं, आन् खाऊन निघाले."

"पण बाबू, तुम्हाला कुठं जायचंय?"

"मले? कुठंच नाही. पर तयारी पाहिजे."

दानिएल बागडे, म्हणजे बागडेबाबू, आमचे भिंतीला भिंत लागून असलेले शेजारी. बालाघाटात आम्हा मेश्रामांचं घर आधी झालं, त्यांचं नंतर. त्यांची सारी नोकरी उकव्याकडच्या एका मँगनीजच्या खाणीत हजेरीबाबू म्हणून झाली. खाली उतरणाऱ्या प्रत्येक माणसाला पितळेचा बिल्ला द्यायचा, नाव लिहायचं आणि तो वर आला की बिल्ला फळीवरच्या खिळ्याला परत टांगायचा. फळीवरचे सगळे खिळे भरल्याशिवाय बाबू घरी जात नसत. एकदा एक बिल्ला कमी पडला, तर ते दुपारपासून संध्याकाळपर्यंत उपाशी बसून राहिले. तो माणूस बिल्ला खिशात टाकून सासुरवाडीला निघून गेला होता.

त्यांचं एकच ब्रीद होतं, "डोकं दिसल्याबिगर टिक नाही." मित्र म्हणो, युनियनचा पुढारी म्हणो, माणूस समोर उभा दिसल्याशिवाय त्याच्या नावापुढे खूण करायची नाही. सख्ख्या मेहुण्याला पाच मिनिटांच्या उशिरासाठी त्यांनी गैरहजर लावलं, आणि मेहुण्यानं पुढची चार वर्षं बोलणं टाकलं. स्वतःच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी बस चुकली, तेव्हा स्वतःच्या नावापुढे स्वतःच लाल शाईनं गैरहजेरी मांडली. मार्थाकाकू, म्हणजे त्यांची बायको, हा किस्सा सांगताना म्हणायच्या, "माह्या संसाराची सुरुवातच लाल शाईनं झाली बापा."

निवृत्तीनंतर खाण सुटली, मोजणं सुटलं नाही. चर्चमधून येताना मला फाटकातूनच सांगायचे, "आज एकोणीस. त्यातले दोन झोपून होते." माझ्या लग्नात ते मांडवाच्या दाराशी खुर्ची टाकून बसले आणि शेवटी माझ्या सासऱ्यांना गाठून म्हणाले, "दीडशे सांगतले होते, एकशे त्रेसष्ट आले." सासरे अजून त्यांचं नाव काढलं की तोंड वाकडं करतात. मयतीलाही तेच. वॉर्डातले एक मोठे दुकानदार गेले, तर बाबू परत येऊन ओट्यावर बसले. मग म्हणाले, "सारं गाव ओळखत होतं त्याले. बेचाळीस आले."

आता कोकराकडे येतो. ईस्टरला आपल्याकडच्या ख्रिस्ती घरांत मटण शिजतं, ते बोकडाचं. कुणी कोंबडी आणतं, कुणी बिर्याणी करतं. बाबूंना हे मान्य नाही. कोकरूच पाहिजे, तेही नर, एक वर्षाचं, अंगावर खोट नसलेलं. भाताची कापणी झाली की मेंढ्यांचे कळप घेऊन फिरणारे लोक वारासिवनीकडच्या रिकाम्या बांध्यांमध्ये, म्हणजे भातखाचरांत, उतरतात. बाबू बसनं तिकडे जायचे आणि एकेका कोकराचे दात, कान, खूर तपासायचे. मेंढपाळांना वाटायचं, जनावरांचे सरकारी डॉक्टर आलेत. एकानं तर आपली लंगडी मेंढी पुढे केली आणि म्हणाला, "साहब, पहले इसको देख लो."

निवडलेलं कोकरू चार दिवस अंगणात पेरूच्या झाडाला बांधायचं, हाही शास्त्रातलाच नियम. त्या चार दिवसांत मार्थाकाकू त्याला गूळ भरवायच्या, शनिवारी त्याच्या गळ्यात पडून रडायच्या आणि रविवारी दोनदा वाढून घ्यायच्या. ते उकडायचं नाही, विस्तवावर भाजायचं. सोबत कडू पाला पाहिजे, म्हणून आधी प्रत्येकाच्या हातावर कडुनिंबाची कोवळी पानं. आणि दुसऱ्या दिवसासाठी काही उरवायचं नाही. उरलंच तर जाळून टाकायचं.

चर्चच्या पाळकसाहेबांनी एकदा प्रेमानं सांगून पाहिलं, "बाबू, हे नियम त्या जुन्या काळच्या लोकांसाठी होते. आपल्याला आता लागू नाहीत."

"मंग रद्द झाल्याचं सर्क्युलर दाखवा," बाबू म्हणाले. पाळकसाहेबांनी विषय सोडून दिला.

या सगळ्यात बाबूंचा सर्वांत लाडका नियम वेगळाच होता. घरात माणसं थोडी असतील आणि एक कोकरू संपण्यासारखं नसेल, तर सगळ्यात जवळच्या घराला सोबत घ्यायचं. माणसं मोजून, ज्याची जेवढी भूक तेवढा हिशेब धरून. हजेरीबाबूला याहून गोड आज्ञा कुठं सापडणार? ईस्टरच्या पंधरा दिवस आधी ते काखेत खाणीतलं जुनं मस्टर, म्हणजे हजेरीवही, घेऊन आमच्या दारात उभे राहायचे. "सगळ्यात जवळचं घर तुमचं. बोला, किती डोके?"

मस्टरमध्ये रकाने आखलेले असत. नाव, भूक, टिक आणि शेवटी शेरा. भुकेच्या रकान्यात 'पूर्ण', 'अर्धी' किंवा 'फक्त रस्सा'. रस्सा हा काकूंनी भांडून मिळवलेला अपवाद होता. थोडं मटण भांड्यात शिजेल, नाहीतर मी जेवणार नाही, असं त्यांनी सांगितलं होतं, आणि बाबूंनी मस्टरच्या खाली 'सवलत' असं लिहून सही केली होती.

खरं सांगायचं तर ते मटण आम्हाला कुणालाच आवडायचं नाही. मेंढीला एक वास असतो. हातांना साबण लावला तरी तो दोन दिवस जात नाही. वॉर्डातल्या बाकीच्यांना सुटका होती. ईस्टरची तारीख दरवर्षी सरकते. ती कधी चैत्रातल्या नवरात्रात सापडते, कधी हनुमान जयंतीला चिकटते. पलीकडच्या पटलेबाई हात जोडून म्हणायच्या, "उपास आहे हो बाबू." ज्या वर्षी काहीच सापडायचं नाही, त्या वर्षी त्या सोमवार आदल्या दिवशी धरायच्या. आम्ही पडलो बौद्ध. नवरात्र नाही, एकादशी नाही, सोमवार नाही. आमच्याकडे निमित्तच नव्हतं. आई म्हणायची, "बाबासाहेबायनं साऱ्यातून सोडवलं, या मेंढीतून कोण सोडवंल?"

काकू होत्या तोवर अंगणात बारा-तेरा डोकी व्हायची. मुलगा सुनील रायपूरहून यायचा, चर्चमधली दोन-तीन घरं यायची. काकू पुढे होऊन सगळ्यांना हसवायच्या, आणि त्या हसण्यात मेंढीचा वास निभून जायचा. तीन वर्षांपूर्वी काकू गेल्या. त्यांच्या मातीला बाबूंनी माणसं मोजली की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. सुनील बंगळूरला गेला आणि ईस्टरला फोनवर येऊ लागला. चर्चमधली घरं आपापल्या नातेवाइकांकडे जाऊ लागली. मस्टरमधली नावं कमी कमी होत गेली आणि गेल्या वर्षी पाच उरली. एक बाबूंचं. चार आमची, म्हणजे मी, माझी बायको रेखा, आई आणि आमची पिंकी.

आता जे सांगतो ते सांगायला मला बरं वाटत नाही.

गेल्या वर्षी आमची चार नावं मी स्वतः लिहवून दिली होती. कोकरू आलं, पेरूला बांधलं. आणि शुक्रवारी गोंदियाहून फोन आला की रेखाच्या भाचीचा साखरपुडा रविवारीच ठरला. आम्ही शनिवारी दुपारची गाडी पकडली. बाबूंना सांगायचं होतं. पण ते अंगणात कोकराला पाणी पाजत होते, आणि माझ्यानं फाटक उघडवेना. म्हटलं, फोन करू. गोंदियाला पोचल्यावर म्हटलं, सकाळी करू. रविवारी दुपारी मी पंगतीत बसलो होतो, श्रीखंड वाढणं चाललं होतं, तेव्हा फोन वाजला. बागडेबाबू. मी नाव वाचलं आणि फोन मूक करून पालथा ठेवला. तो पालथा पडून थरथरत होता. रेखानं पाहिलं आणि नजर वळवली. मी श्रीखंड खाल्लं. ते कसं लागलं, मला आठवत नाही.

सोमवारी सकाळी आम्ही परतलो, तर गल्लीत जळक्या चरबीचा वास कोंडला होता. बाबू अंगणात उभे होते. कमरेला पट्टा, पायात बूट. तीन विटांमध्ये जाळ केला होता आणि हातातल्या काठीनं ते त्यात मटणाचे तुकडे ढकलत होते. अख्खं कोकरू होतं म्हणा ना.

"आले का?" त्यांनी विचारलं. "झालं का काम बरोबर?"

"हो बाबू. अचानक ठरलं. आणि फोनची बॅटरी..."

"हौ. होते असं." त्यांनी एक तुकडा उलटा केला. "पिंकीले ऊन नाही ना लागलं?"

मला वाटलं होतं, ते रागावतील. निदान माझ्यासमोर लाल शाई तरी काढतील. त्यांनी काहीच केलं नाही. ते अधिक वाईट होतं. मी आठवडाभर फाटकापाशी रेंगाळणं टाळलं.

या वर्षी ईस्टर पंधरा दिवसांवर आला, दहा दिवसांवर आला, बाबू आले नाहीत. मला सुटल्यासारखं वाटलं, हे कबूल करतो. एके दिवशी मी शिकवतो त्या परसवाड्याच्या शाळेतून घरी येऊन चहा घेत होतो, तर रेखा म्हणाली, "बाबू मस्टर घेऊन आले नाहीत यंदा." आई जपमाळ ओढावी तशी एकेक शेंग सोलत बसली होती, ती मान वर न करता म्हणाली, "कोन्या तोंडानं येईन तो? आन् तू कोन्या तोंडानं बसून राह्यला?"

मी गेलो. बाबू ओसरीत खुर्चीवर बसले होते. मोतीबिंदू वाढलाय हे ऐकून होतो, पण त्यांनी मला ओळखलं ते फक्त आवाजावरून. बूट खुर्चीशेजारी ठेवले होते, पुसून, काळं पॉलिश लावून. पेरूचं झाड मोकळं होतं.

"कोकरू नाही आणलं बाबू?"

"कसं आणू? डोकेच मालूम नाहीत. घरातले माणसं कमी होऊन राह्यले विजू, आन् कोकरू तं तेवढंच राहते. तुह्याकडं येनार होतो. मंग म्हटलं, काहून त्याले अडचणीत टाकाचं. त्याले नाही म्हणता येत नाही."

मला लाज वाटली. एवढी लाज मला कधीच वाटली नव्हती.

"मस्टर कुठंय? मी लिहितो."

"कोनाड्यात हाय. मले आता रकाने दिसत नाहीत."

मी मस्टर काढलं. नवं पान शोधताना आधीचं पान उघडलं, गेल्या वर्षीचं. वर नेहमीसारखं लिहिलं होतं: 'कोकरू, नर, एक वर्ष, निर्दोष.' खाली पाच नावं. मी लाल शाई शोधत होतो. लाल शाई नव्हती. पाचही नावांपुढे निळ्या शाईत टिका होत्या, थोड्या थरथरत्या, पण ठळक. शेऱ्याचा रकानाही भरलेला होता. माझ्यापुढे 'पोटभर'. रेखापुढे 'पोटभर'. आईपुढे 'रस्सा आवडला'. पिंकीपुढे 'परत मागितला'.

ज्यानं मेहुण्याला सोडलं नाही, स्वतःला सोडलं नाही, त्या माणसाच्या हातची ही आयुष्यातली एकमेव खोटी हजेरी. भरल्या अंगणाची. त्या दुपारी ते काठी घेऊन एकटे उभे होते, मी फोन उचलला नाही, आणि मग त्यांनी आत जाऊन आम्हा चौघांना कागदावर बोलावून घेतलं होतं.

मी पान उलटलं नाही. मला अक्षरं नीट दिसेनात.

"विजू," बाबू म्हणाले. ते अंगणाकडे पाहत होते, म्हणजे तोंड तिकडे होतं. "मागच्या साली किती होतो रे आपन? त्याच्यावरून अंदाज घेऊ."

पलीकडे पटलेबाई धुणं आपटत होत्या.

"पाच होतो बाबू," मी म्हणालो. "आईनं रस्सा खाल्ला होता. आणि पिंकीनं परत मागितला होता."

बाबूंचा हात काठीच्या मुठीवर वर-खाली झाला. मग ते म्हणाले, "हौ. पाचच होतो."

मी नवीन पानावर तारीख घातली. बाबूंचं नाव लिहिलं, त्याखाली आमची चार लिहिली. भुकेच्या रकान्यात माझ्यापुढे 'पूर्ण' लिहिलं. लिहिताना मेंढीचा वास आठवला आणि तरीही लिहिलं. मग, कसं कोण जाणे, पेन आपोआप पुढच्या रकान्याकडे सरकला.

कागदावरच्या पेनाचा आवाज त्यांना ऐकू आला असावा.

"टिक आता नको करू," ते हळूच म्हणाले. "त्या दिवशी करजो. डोकं दिसल्याबिगर टिक नाही."