पाच माणसांची परसबाग

बन्सीनाना कुणालाच राम राम घालत नाहीत. समोर बाई असो, बाप्या असो, नाहीतर दूध सोसायटीचे चेअरमन असोत, पहिला प्रश्न एकच : "आंगूळ झाली का? पानी कुठं सोडलं?"

लिंबागणेशला परसबागेचं प्रशिक्षण आम्ही दोघांनी एकत्रच घेतलं. मी पत्रकं वाटते, नाना लोकांच्या मोऱ्या हुंगतात. टँकर आठवड्यातून एकदा येतो, तेव्हा सांडपाण्यावर भाजी पिकवा, हे माझ्याही पत्रकात ठळक अक्षरांत आहे. पण दुसऱ्याच्या मोरीशी उकिडवं बसून, पाण्यात बोट बुडवून, "सोडा लई हाय, वांगं मरंल," असा निकाल द्यायचा? बाया बोल मला लावतात. "म्हाताऱ्याला आवर बाई, न्हाईतर उद्या तांबे मोजाया न्हाणीत यील."

सोसायटीच्या सभेत चेअरमन दुष्काळावर गहिवरून बोलत होते. दारात हिरवळ राखणारा माणूस गहिवरला की माझं डोकं फिरतं. मी उठायच्या आत नाना मागून ओरडले, "भाषन ऱ्हाऊ द्या, मालक! तुमची मोरी कुठं जाती?" तेवढा एक दिवस मला नाना आवडले.

मग कळलं, खुद्द नानांच्या परसात काही नाही. मी पेटलेच. स्वयंसेवकाची स्वतःची बाग हवी, हा आमचा नियम. नाव कापायचंच, म्हणून यादी घेऊन त्यांच्या घरी गेले. परसात दोडक्याचा एकच वेल, तोही मान टाकलेला.

"कोणत्या तोंडानं गावाला शिकवता, नाना?"

"शिकीवलं काय व्हतं आपल्याला? पाच मानसांच्या पान्यावर एक बाग." नाना वेलाकडंच बघत होते. "पोरी नांदाया गेल्या, म्हातारी वर गेली. एकल्याच्या आंगुळीत येवढंच भिजतंय." मग यादीकडं बघून म्हणाले, "नाव कापलं तर लोकांच्या दारात काय म्हनून जाऊ?"

यादी मी पिशवीत कोंबली.

दुसऱ्या दिवशी आमच्या घरच्या आंघोळीच्या पाण्याची एक बादली घेऊन गेले. नानांनी बोट बुडवलं, हुंगलं.

"साबन लई हाय. परत ने."

माणूस आहे की काय! मी बादली उचलली, तणतणत दारापर्यंत आले.

"पोरी," नाना मागून म्हणाले, "ठिव तितंच. फेस बसंपतूर तू बी बस घडीभर."