पुढेच जाणारा बंगला

सगळं सुरू झालं ते एका गादीवरून. डहाणूला नवऱ्याच्या मित्राकडे, हारुनकडे जायचं ठरलं तेव्हा ज्योत्स्नाबाई एवढंच म्हणाल्या, "परक्या गादीवर माझी पाठ धरते हो." दुसरा एखादा नवरा म्हणाला असता, बाम घे बरोबर. पण आमचे किशोरराव पडले कारखान्यातले डिझाइनवाले! ते म्हणाले, "आपलीच गादी नेऊ."

गादी जीपमध्ये मावेना, म्हणून मागे ट्रेलर जोडायचं ठरलं. ट्रेलरवर धूळ बसणार, म्हणून छप्पर. छप्पर आलं म्हणून खिडक्या, खिडक्या आल्या म्हणून पडदे. दिवाळीपर्यंत इंदिरानगरात त्यांच्या बिल्डिंगसमोर चाकांवर एक पिवळी खोली उभी राहिली आणि किशोरराव येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागले, "फॉरेनमध्ये सगळे असेच फिरतात." (फॉरेन म्हणजे डेंटिस्टकडे चाळलेलं एक जुनं मासिक.) हारुनलाही त्यांनी फोनवर ठणकावलं, "तुझ्याकडे राहणार नाही. बंगला बरोबर आणतोय!"

निघायच्या आधी बिल्डिंगमागच्या मैदानात प्रॅक्टिस करताना मात्र एक भानगड लक्षात आली. गाडी रिव्हर्स घेताना स्टिअरिंग डावीकडे वळवलं की ट्रेलर उजवीकडे पळायचा. घाबरून उजवीकडे वळवलं की डावीकडे. शर्ट घामाने भिजला, ट्रेलर काही सरळ मागे जाईना. शेवटी किशोररावांनी ठरवलं, मागे जायचंच नाही. आणि हे ज्योत्स्नाला मुळीच कळू द्यायचं नाही. लग्न झाल्यापासून "गाडी हे बायकांचं काम नव्हे" म्हणून तोंड वर करून बोलत आलेला माणूस, आता कुठल्या तोंडाने सांगणार?

हरसूलला आठवड्याचा बाजार भरला होता.

"अहो, थांबवा ना. अमिनाभाभीसाठी नागली घेते."

"बाजारात फार धूळ असते," म्हणत किशोरराव सुसाट पुढे.

पुढे जव्हारच्या जंगलात चहाची टपरी दिसली. "पुढे याहून चांगला मिळेल." पुढे नुसते साग मिळाले. मग एक वळण चुकलं.

"अहो, थोडी मागे घ्या की."

"मागे फिरणं माझ्या स्वभावात नाही," किशोरराव बाणेदारपणे म्हणाले. त्या बाणेदारपणापायी जीप रानातून कुठल्या कुठे भटकली आणि अखेर एका पेट्रोलपंपाला वळसा घालून परत फिरली. ज्योत्स्नाबाई फक्त "बरं" म्हणाल्या. त्या "बरं"चा अर्थ एखाद्या शहाण्या नवऱ्याला कळला असता.

सुरूच्या बनापलीकडे समुद्र दिसला तसा किशोररावांच्या जिवात जीव आला. हारुनची चिकूची बाग एका अरुंद गल्लीच्या टोकाला होती. गल्ली बघताच ते म्हणाले, "गाडी इथेच लावू. चाललं की तब्येतीला बरं." पण हारुन स्कूटर घेऊन हजर. "मेहमान रस्त्यावर? मला लाज आणतोस काय! चल दारात."

शिरले बिचारे. आणि समोरून आला टेंपो, चिकूच्या पेट्यांनी गच्च भरलेला.

"अरे बापरे, हा इतक्यात भरला? किशोर, जरा मागे घे यार," हारुन म्हणाला. "माल संध्याकाळच्या रेल्वेत चढला नाही तर सगळा पिकून जाईल."

किशोररावांनी मागे घेतलं. ट्रेलर कुंपणात. पुढे येऊन पुन्हा घेतलं. या खेपेला तो शेजारणीच्या वाळत घातलेल्या बोंबलांत घुसला, आणि उघड्या खिडकीतून निम्मे बोंबील थेट आतल्या गादीवर! गल्लीभर माणसं गोळा झाली. "डावीकडे मारा!" "अहो, दुसरं डावीकडे!" टेंपोवाला फकिरा हॉर्नवरून हात काढेना. हारुन तेवढा घड्याळ बघत "काही नाही रे, होईल" म्हणत होता आणि तेच जास्त लागत होतं. किशोररावांचे कान तापले. मित्राच्या मालाची माती होणार, तीही आपल्या फुकटच्या ऐटीपायी! धरणी पोटात घेईल तर बरं, असं त्यांना झालं.

"उतरा," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या.

"तुला कुठे गाडी येते?"

"गाडी नाही येत. ट्रॉली येते. सटाण्याला माहेरी आमचा कांदा मार्केटात कोण नेत होतं? दादांची कंबर गेल्यावर मीच ट्रॅक्टर हाणायचे. दोन ट्रॉल्यांच्या मधोमध मागे घालायचे. सरका बघू."

त्यांनी पदर खोचला, मान वळवली, आणि पिवळा बंगला गुमान गल्लीतून सरळ मागे गेला. अमिनाने टाळ्या वाजवल्या. टेंपो स्टेशनकडे सुटला. जाताना फकिराने सलाम ठोकला, तो अर्थातच ज्योत्स्नाबाईंना.

"इतकी वर्षं बोलली का नाहीस?" किशोररावांनी खालच्या आवाजात विचारलं.

"तुम्हीच म्हणायचात ना, बायकांचं काम नव्हे. म्हटलं, बरं. ऐतं बसायला मिळतंय."

"आणि मला रिव्हर्स जमत नाही हे..."

"मैदानातलं सगळं गच्चीवरून बघितलं की. मी, शेजारच्या सुलाबाई आणि तिसरा मजला झाडून सगळा!"

गादीला बोंबलांचा असा काही दर्प सुटला की मुक्काम हारुनच्याच घरी पडला. परक्या गादीवर ज्योत्स्नाबाई गाढ झोपल्या. किशोरराव कूस बदलत राहिले.

परतताना करार झाला. पुढे जाणं यांचं, मागे जाणं त्यांचं. हरसूलला ज्योत्स्नाबाईंनी ट्रेलर चहाच्या दोन टपऱ्यांच्या मधे अलगद मागे घातला. किशोरराव खाली उतरून पत्र्यावर थापा मारत ओरडत होते, "येऊ दे, येऊ दे... बास!"

टपरीवरच्या नवसाबाईने ज्योत्स्नाबाईंच्या हातात चहा दिला आणि विचारलं, "ताई, तुमच्या गाडीच्या किलीनरला बी देऊ का?"

"द्या," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या. "नवीन हाय, पण शिकेल."