पंपवाल्यांचे एक्केचाळीस संदर्भ

"रोज एकाला तरी हात द्यायचा, आणि दिल्याची वाच्यता करायची नाही!" असं आई सांगायची. ती गेली, नेम माझ्याकडे ठेवून गेली. बाकीचे लोक पाखरांना दाणे घालतात. मी साथरोगांवर संशोधन करते, म्हणून मी संदर्भ घालते!

म्हणजे असं, की आपल्या पेपरात दुसऱ्याच्या पेपरचा उल्लेख केला की त्याच्या नावावर एक संदर्भ चढतो. आमच्यात माणसाचं वजन त्यावरूनच ठरतं. आणि कितीतरी बिचाऱ्यांना जन्मात एकही संदर्भ मिळत नाही! म्हणून रोज सकाळी प्रार्थना झाली की चहाच्या आधी मी असा एक उपेक्षित पेपर शोधून वाचते आणि माझ्या लिखाणात त्याला कुठेतरी जागा करून देते. अकरा महिने झाले, एक दिवस खंड नाही!

त्यातच एक आरोग्य अधिकारी सापडले. गाव लहान. वर्षानुवर्षं एकाच हातपंपाभोवतीचे जुलाबाचे रुग्ण मोजत बसलेले. बावीस पेपर, संदर्भ शून्य! माझा जीव कळवळला. मनातल्या मनात त्यांना मी 'पंपवाले' म्हणू लागले आणि बावीसच्या बावीस पेपर माझ्या लिखाणात बसवले.

थोड्याच महिन्यांत चमत्कार! पंपवाले आठवड्याला दोन-तीन पानभर पेपर काढू लागले, आणि प्रत्येकातून माझ्या नावावर एक संदर्भ पडू लागला. एक, पाच, एक्केचाळीस! माझे एकूण संदर्भ त्यामुळे साठावर गेले.

"अहो, एक परके गृहस्थ माझा किती आदर करतात!" मी यांना म्हटलं.

"काय लिहिलंय त्यांनी?"

"छे! स्वतःची स्तुती वाचू नये."

"अगं, एक्केचाळीस पत्रं आली आणि एकही फोडलं नाहीस?"

मी विषय बदलला.

सोमवारी माझ्या बढतीची फाईल पुढे जायची होती. आदल्या शुक्रवारी सकाळी चिठ्ठी आली: 'संशोधनातील सचोटी समितीपुढे आज अकरा वाजता हजर राहावे.'

समितीत तिघं होते. संख्याशास्त्राचे अध्यक्ष, आमचे विभागप्रमुख आणि ग्रंथपालबाई. भिंतीवर एक आकृती. दोन गोल, मध्ये बाणांचा नुसता भारा!

"हा गोल तुम्ही, हा ते गृहस्थ," अध्यक्ष म्हणाले. "इकडून बावीस, तिकडून एक्केचाळीस. मॅडम, तुमचा यांच्याशी संबंध काय?"

"काही नाही हो. मला त्यांची दया आली."

"मोठ्याने बोला!"

"दया आली!" दाराबाहेरचा शिपाईसुद्धा आत डोकावला.

"कधीपासून?"

"अकरा महिने. रोज सकाळी. चहाच्या आधी."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. विभागप्रमुख खाकरले. "घरी माहीत आहे?"

"त्यांची बाजू सांगितली. माझी नाही. वाच्यता करायची नसते ना!"

तोंडातून शब्द निघाले आणि मला दरदरून घाम फुटला. मी जितकं खरं बोलत होते, तितकं ते वाईट ऐकू येत होतं!

"याला संदर्भांची देवाणघेवाण करणारी टोळी म्हणतात," अध्यक्ष गंभीरपणे म्हणाले. "बढती तर सोडाच, नोकरीचाही प्रश्न येतो."

टोळी! मुंगी ओलांडून जाणारी मी, आणि टोळीत! मी टेबलाची कड धरली.

"ते काय लिहितात, ते वाचून तरी बघू या," ग्रंथपालबाई म्हणाल्या. मी संकोचाने डोळे मिटले. त्यांनी वाचलं:

"'रुग्णांचं प्रमाण किती चुकीचं काढता येतं, याचा नमुना म्हणून या बाईंचा पेपर पाहावा. तक्ता तीन, ओळ सात.'"

मी एक डोळा उघडला.

दुसऱ्या पेपरात तेच वाक्य. तिसऱ्यात तेच. दहाव्यात 'अजूनही पाहावा'. एक्केचाळिसाव्यात 'दुरुस्तीची वाट पाहून थकलो' एवढी भर!

अध्यक्षांनी माझा तक्ता उघडला. "एकशे सहा टक्के लोक आजारी? मॅडम, अख्खी वस्ती पडली आणि वर पाहुणेही?"

"वस्तीमागच्या झोपड्यांतले रुग्ण धरले असणार," मी पुटपुटले. "तिथली माणसं धरायची राहिली."

अध्यक्षांचा चेहरा एकदम उजळला. "टोळीतला माणूस असं लिहील का? मॅडम, तुम्ही संपूर्ण निर्दोष आहात. तुमचा पेपर नाही!"

"आणि माझी फाईल?"

"साठातून एक्केचाळीस वजा करून पाठवू?"

"नको!" मी ओरडले. शिपाई पुन्हा डोकावला. "आधी दुरुस्ती पाठवते. आज संध्याकाळच्या आत. शब्द देते."

तळघरात जुनी दप्तरं आहेत, तिथे कोणी फिरकत नाही. त्या वस्तीच्या पाहणीचा गठ्ठा तिसऱ्या फळीवर मिळाला. धूळ झटकली, स्टूल ओढलं, पेन्सिलीला टोक केलं.

झोपडी क्रमांक एक. माणसं पाच.