व्हर्लिन टकेटने पाय का उचलला नाही

स्वस्त गाडी बिघडते. महाग गाडीला अपघात होतो. हा फरक समजल्याशिवाय ड्रॅग रेसिंगमध्ये कोणालाही प्रतिष्ठा मिळत नाही, आणि आमच्या केंटकीच्या या कोपऱ्यात व्हर्लिन टकेटइतकी प्रतिष्ठा आज दुसऱ्या कोणाला नाही.

व्हर्लिनचा धंदा सांडपाण्याच्या टाक्या उपसण्याचा. या धंद्याला मंदी ठाऊक नाही. त्यातून त्याने एक लाख पासष्ट हजार डॉलरची गाडी उभी केली. ही गाडी वळत नाही (वळावं अशी अपेक्षाही नाही). पाव मैल सरळ जायचं, शेजारच्या गाडीआधी पोचायचं, मागचं पॅराशूट उघडून थांबायचं आणि ट्रेलरवर चढून घरी यायचं, एवढंच तिचं काम. गेल्या वर्षी ती एकूण चार मिनिटं अकरा सेकंद धावली. उरलेलं वर्ष आम्ही ती उघडून आत बघत होतो. आम्ही म्हणजे व्हर्लिन आणि मी. पॅराशूटची घडी घालण्याचं खातं माझ्याकडे आहे.

गाडीचा विमाही होता. शेडला आग लागली, ट्रेलर उलटला, झाड पडलं, चोरी झाली, तर पूर्ण भरपाई. फक्त शर्यतीत धावताना काही झालं तर नाही. ही भूमिका मला रास्त वाटते. वस्तू ज्या कामासाठी बनवली तेच काम तिच्याकडून करून घ्यायचं, याला निष्काळजीपणाच म्हणतात.

सप्टेंबरातल्या एका शनिवारी दुपारी अंतिम फेरीत व्हर्लिनच्या शेजारी ग्रेडी सॉमर्स उभा होता. ग्रेडीचं कोंबड्यांच्या खाद्याचं दुकान आहे आणि स्वभाव उतावळा. हिरवा दिवा लागायच्या आधीच तो सुटला. त्याच्या बाजूला तांबडा दिवा लागला, म्हणजे ग्रेडी बाद. व्हर्लिन त्या क्षणी जिंकला होता. आता त्याने गाडी रांगत नेली असती तरी चाललं असतं. नियम एवढंच म्हणतो की मधली रेघ ओलांडायची नाही.

व्हर्लिनने ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला नाही. अर्धं अंतर त्याने बाणासारखं कापलं. मग मागच्या चाकांची पकड सुटली, गाडी डाव्या भिंतीला भेटली, मधली रेघ ओलांडून उजव्या भिंतीला भेटली आणि दोनदा उलटून चाकांवर उभी राहिली. ती पूर्ण थांबल्यावर पॅराशूट उघडलं. घडी उत्तम होती, हे नंतर सगळ्यांनी मान्य केलं.

तांबड्या दिव्यापेक्षा रेघ ओलांडण्याचा गुन्हा मोठा धरतात. त्यामुळे तांबडा दिवा पाहून निमूट पाय उचललेला ग्रेडी रांगत पोचला आणि विजयी ठरला.

आम्ही धावत गेलो तेव्हा व्हर्लिन शुद्धीवर होता. गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. रुग्णवाहिकेतल्या बाईने कात्री काढली. तेव्हा तो पहिल्यांदा बोलला.

"सूट कापू नका, बाई. पुढे चेन आहे."

तो आगरोधक सूट बाराशे डॉलरचा. बाईंनी समजावलं की बाही ओढताना फार दुखेल. व्हर्लिन म्हणाला, ओढा. बाही ओढली आणि तो बेशुद्ध पडला. सूट मात्र आजही नव्यासारखा आहे.

सायंकाळी इस्पितळात त्याची बायको ट्विला खाटेशेजारी बसली. ती दातांच्या दवाखान्यात लोकांचे दात साफ करते. उत्तर देता येत नसलेल्या माणसाला प्रश्न विचारायची तिला सवय आहे. तरी त्या दिवशी तिने उत्तराची वाट पाहिली.

"ग्रेडीचा तांबडा दिवा तुला दिसला होता?"

"दिसला होता."

"म्हणजे जिंकलायस हे माहीत होतं."

"हो."

"मग पाय का नाही उचललास?"

"ट्विला, गाडी इतकी छान आजवर कधी चालली नव्हती गं."

ती पर्स उचलून निघून गेली. पुढचे एकोणीस दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. जेवण वेळेवर वाढत होती, शर्टाची बटणं लावून देत होती, पण शब्द नाही. या काळात ग्रेडी सुक्या मेव्याचा केक घेऊन भेटायला आला, अर्धा स्वतःच खाल्ला आणि ट्रॉफी परत द्यायची तयारी दाखवली. व्हर्लिनला त्या एकोणीस दिवसांत हाडापेक्षा ते मुकं स्वयंपाकघर जास्त दुखलं, असं त्याने मला सांगितलं. गाडी विकून टाकायचंही त्याने ठरवलं होतं, पण विकण्याजोगी दोनच चाकं उरली होती.

विसाव्या दिवशी नाश्त्याच्या वेळी ट्विलाने एक चुरगळलेला कागद त्याच्या बशीशेजारी ठेवला. शर्यतीची वेळ मोजणाऱ्या खोलीतला, त्या फेरीचे आकडे छापलेला. व्हर्लिनला रुग्णवाहिकेत चढवत होते तेव्हा ती वर जाऊन तो मागून आली होती. बाद फेरीचा कागद कोणी मागत नाही.

"अर्ध्या अंतराचा आकडा बघ," ती म्हणाली. "तुझा आजवरचा सगळ्यात चांगला आहे."

व्हर्लिनने बघितला आणि कागदाच्या चुण्या सरळ करून तो खिशात ठेवला. मग तिने अट सांगितली. नवी गाडी बांधायला तिची हरकत नव्हती. आधी पाय उचलायला शिकायचं.

तेव्हापासून रोज जेवणानंतर व्हर्लिन स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर हेल्मेट घालून बसतो. पायाखाली जुन्या शिवणयंत्राचं पेडल असतं. ट्विला भांडी पुसता पुसता मनात येईल तेव्हा त्याच्यासमोर टांगलेला तांबडा दिवा लावते. नोंदवही माझ्याकडे आहे. एकशे चाळीस प्रयत्नांत त्याने एकशे तेहेतीस वेळा पाय उचलला. उरलेल्या सात वेळांबद्दल विचारलं तर म्हणतो, खुर्ची फार छान चालली होती.

गाडी वसंतापर्यंत तयार होईल.

जाता जाता एक. नऊ वर्षांत व्हर्लिनने तीनशे बारा वेळा ती गाडी सुखरूप पलीकडे नेली. प्रत्येक वेळी मी आमच्या गावच्या साप्ताहिकाला चार ओळी लिहून दिल्या. त्या कोणी वाचल्याचं ऐकिवात नाही. तुम्हाला पाठवल्या असत्या तर तुम्हीही वाचल्या नसत्या. या वेळी मात्र शेवटपर्यंत आलात, आणि वसंतात कोणत्या तारखेला यायचं, हे विचारायचं तुमच्या अगदी ओठावर आहे.