दादाभाऊंच्या अभीष्टचिंतनाचा रग्बी सामना

माणसानं जन्माला कधी यावं हे निसर्गाच्या हातात असलं, तरी तो कधी जन्माला आला हे ठरवण्याचा अधिकार प्राथमिक शाळेचा आहे. राजुरीत हा अधिकार भिमाजी गुरुजींनी एकतीस वर्षं निःपक्षपातीपणे वापरला. पोराचं नाव घालायला आलेला बाप सांगायचा, "थंडी व्हती गुरुजी, गव्हाला दुसरं पाणी चाललं व्हतं," आणि गुरुजी शांतपणे एक जून लिहायचे. जात, धर्म, ऋतू असा कसलाही भेद त्यांनी केला नाही. परिणामी गावातले चाळिशीपुढचे एकसष्ट टक्के पुरुष एकाच दिवशी जन्मले. (उरलेले एकोणचाळीस टक्के गुरुजी रजेवर असताना शाळेत दाखल झाले.)

महंमद हनीफ हा या एकसष्ट टक्क्यांतला. रस्त्याला लागून त्याचं गादी-उशीचं दुकान, मागं कापूस पिंजायचं मशीन, वर घर. आईच्या म्हणण्यानुसार तो डिसेंबरात जन्मला होता आणि कागदाच्या म्हणण्यानुसार जूनमध्ये. दोघांपैकी एकाला दुखवण्यापेक्षा त्यानं आजवर दोन्ही दिवस गाद्या भरण्यात घालवले होते.

दादाभाऊही गुरुजींच्याच हातून एक जूनला जन्मले. नावातच दादा आणि भाऊ दोन्ही आल्यामुळे त्यांना राजकारणात यावंच लागलं. आठ वर्षांपासून ते भावी जिल्हा परिषद सदस्य होते, आणि या पदावर इतका प्रदीर्घ काळ टिकलेला दुसरा माणूस तालुक्यात नाही. भावी सदस्याचं मुख्य कर्तव्य म्हणजे वाढदिवस. त्यात केक, फ्लेक्स, रक्तदान आणि एक मैदानी खेळ अनिवार्य असतो. पहिल्या तिन्हींची अडचण नव्हती. खेळ मात्र संपले होते. बैलगाडा शर्यत एका भावी सभापतींनी घेतलेली, कुस्ती माजी सरपंचांकडे, कबड्डी आजी सरपंचांकडे, आणि टेनिस चेंडूचं क्रिकेट तर अकरा इच्छुकांत वाटलं गेलेलं. दादाभाऊंच्या वाट्याला लंगडी आणि लगोरी उरली होती. तेव्हा पुण्यात शिकणाऱ्या पुतण्यानं त्यांना फोनवर रग्बी दाखवली. दादाभाऊंनी दीड मिनिट पाहिलं. दांडगी माणसं एकमेकांच्या अंगावर पडत होती आणि चेंडू नेमका कुणाकडं आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

"हे जमंल आपल्याला," दादाभाऊ म्हणाले. "आपली तालुका कार्यकारिणी हेच करती."

सोहळ्याला वेगळेपण हवं, म्हणून यजमान संघात फक्त एक जूनला जन्मलेल्यांनाच घ्यायचं ठरलं. कल्पना थोर होती. तिच्यातली उणीव पत्रिका छापून झाल्यावर लक्षात आली. गावातली चाळिशीच्या आतली पोरं दवाखान्यात जन्मलेली. त्यांच्या तारखा खऱ्या निघाल्या, सबब ती अपात्र ठरली. पात्र उमेदवारांत सर्वांत तरुण हनीफ, वय वर्षं त्रेचाळीस. सात जणांचा संघ, एकूण वय तीनशे सत्तावन्न, चालू स्थितीतले गुडघे नऊ. पाहुणा संघ शेजारच्या आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा होता आणि त्याला तारखेची अट नव्हती. ती पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं. रोज सहा किलोमीटर धावायची आणि मग नाश्ता करायची.

दादाभाऊ स्वतः दुकानात आले.

"हनीफभाई, तुमी आपल्या संघात."

"मला त्यातलं काय कळत न्हाई, दादाभाऊ."

"कळायचं काय त्यात? तुमी रोज गाद्या उचलता. हितं माणसं उचलायची."

हनीफनं दाराबाहेर पाहिलं. दुकानासमोरचं गटार तीन वर्षं तुंबलेलं होतं आणि त्यासाठी त्यानं सात अर्ज दिले होते. या वर्षी पाऊस मेच्या मध्यालाच येऊन बसला आणि हलायचं नाव घेईना. शेतात काढून ठेवलेला कांदा सडला, आणि गटाराचं पाणी उंबऱ्यावरून आत येऊन खालचा कापूस भिजवू लागलं. ओला कापूस म्हणजे धंद्याला कुलूप.

"तेवढं गटाराचं..." हनीफ म्हणाला.

"एक तारीख पार पडू द्या. मी सोता बघतो."

('बघतो' या शब्दाचा शासकीय अर्थ 'पाहतो' असा आहे. दादाभाऊंनी तो तंतोतंत पाळला. जाताना गटाराशी थांबून त्यांनी ते पाहिलं.)

हनीफच्या बायकोला, दिलशादला, ही बातमी जेवताना कळली. "ह्या पावसात कोंबडी बाहेर निघत न्हाई. पुढच्या आयतवारी ठेवा म्हणावं."

"वाढदिवस पुढं ढकलता येत न्हाई, दिलशाद."

"का न्हाई? तुमचा डिसेंबरातला जूनपर्यंत आला की ढकलत."

मुलगी इफरा मात्र खूश झाली. ती जुन्नरला कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. तिनं एका दुपारी फोनवर सगळे नियम वाचले आणि दुकानात उशी हातात घेऊन बापाला आणि त्याच्याच संघातल्या, दूध संस्थेच्या सावळेराम सचिवांना शिकवले.

"अब्बा, चेंडू पुढं फेकायचा नाय. मागच्यालाच द्यायचा. पण पळायचं पुढं."

सावळेरामांचं वय अठ्ठावन्न. सहकारातला अनुभव दांडगा असल्यानं त्यांना नियम लगेच उमगला. "म्हंजी पुढं आपण जायाचं, आन् निस्तरायचं मागच्यानं."

रविवारी, एक जूनला, सकाळी नऊ चाळीसला पाऊस थांबल्याची नोंद आहे. नऊ त्रेचाळीसला तो पुन्हा सुरू झाला. बाजाराच्या मैदानात चुन्यानं आखलेल्या रेषा वाहून गेल्या. त्यांच्या जागी दोरी लावली, ती चिखलात बुडाली. शेवटी दोन्ही बाजूंच्या रेषांवर माणसं उभी करण्यात आली. ही सीमारेषा पावसाच्या जोरानुसार चहाच्या टपरीकडं सरकत राहिल्यानं मैदानाची रुंदी सामन्यात चार वेळा बदलली. दोन टोकांना बांबू रोवले होते, तेवढे शेवटपर्यंत जागेवर राहिले. पंच म्हणून भिमाजी गुरुजींना मान देण्यात आला. गुरुजी आता एक्याऐंशीचे. त्यांना खेळ माहीत नव्हता, पण मैदानातल्या एका संघाचे ते जन्मदातेच होते.

प्रारंभी कप्तान दादाभाऊंवर जेसीबीतून पुष्पवृष्टी होणार होती. झेंडूच्या पाकळ्या सकाळीच बकेटात भरून ठेवल्या होत्या. त्यावर चार तासांचा पाऊस साठला. बकेट उलटं झालं तेव्हा पाकळ्या सुट्या झाल्याच नाहीत. पाण्यासकट एकच गोळा आला. दादाभाऊ बसले. उठल्यावर त्यांना वरिष्ठांचा फोन आल्याचं आठवलं आणि ते मांडवात गेले. संघ सहा जणांवर आला.

रग्बीचा हा छोटा प्रकार सात-सात मिनिटांच्या दोन डावांचा असतो. पहिल्या सात मिनिटांत पाहुण्यांचे पस्तीस गुण झाले, यजमानांचे शून्य. तरीही वातावरण अत्यंत सौहार्दाचं होतं. पाहुण्यांचा कप्तान सुदर्शन हा सव्वासहा फुटी पोरगा वळणाचा होता. समोरच्याला आडवं करण्याआधी तो म्हणायचा, "काका, येतो बरं का," आणि आडवं केल्यावर हात देऊन उठवायचा. हनीफला त्यानं असं नऊ वेळा झोपवलं. एकदा तर चष्मा शोधून, पुसून, डोळ्यांवर लावून दिला.

मध्यंतरात दिलशाद दुपट्ट्यानं हनीफचं तोंड पुसत म्हणाली, "बास झालं. चला घरी."

"गटार हाय, दिलशाद."

"गटार घरासमोर हाय. ह्यात कशाला लोळताय?"

तरी तो मैदानात गेला. शेवटचं मिनिट उरलं तेव्हा एका पोराच्या हातून ओला चेंडू निसटला आणि हनीफच्या छातीवर येऊन आदळला. कापसाचं गाठोडं पावसातून आत न्यायचं असावं तसा त्यानं तो दोन्ही हातांनी कवटाळला, मान खाली घातली आणि पळत सुटला. मागून सावळेराम ओरडत होते, "हनीफभाई, मागं द्या! मागं!"

हनीफनं जन्मभर मागंच दिलं होतं. एसटीत जागा, रांगेत नंबर, भावाला जमिनीचा तुकडा. त्या दिवशी त्याला का कुणास ठाऊक, द्यावंसं वाटलं नाही. बांबू वीस फुटांवर असताना पाय घसरला. चिखल इतका मुरलेला होता की तो थांबलाच नाही. पोटावर घसरत, तोंडानं पाणी उडवत, चेंडूसकट बांबूंच्या मधून पलीकडं गेला. त्याच्यावर एक पोरगा पडला, मग दुसरा, मग तिसरा. शेवटी सुदर्शन पडला, या वेळी न सांगता. आत कुठंतरी कडकन वाजलं.

जे झालं ते चांगलं की वाईट हे गावात एकाच व्यक्तीला माहीत होतं. गुरुजींनी शिट्टी तोंडात धरून इफराकडं पाहिलं. ती खुर्चीवर चढली.

"ट्राय! ट्राय झाला! पाच गुण! अब्बा!"

मग चारशे माणसं एकदम ओरडली. "हनीफभाई! हनीफभाई!" ढिगाखाली, नाकातोंडात चिखल घेऊन हनीफ हे ऐकत होता. उजवा हात हलत नव्हता, श्वास पुरत नव्हता, आणि त्याला इतकं बरं वाटत होतं की कुणी इतक्यात उठू नये असं त्याच्या मनात आलं.

कुणी उठलंही नाही, कारण दादाभाऊ फोटोग्राफरसह येत होते. आयोजकाविना विजयी क्षण अपुरा दिसतो, म्हणून ढिगावर प्लास्टिकचा कागद टाकून त्यावर दादाभाऊंना बसवण्यात आलं. (वजन : शंभराला चार कमी.) चेंडू हातात दिला. पहिल्या फोटोत डोळे मिटले, दुसऱ्यात छत्री आली.

"दादा, उतरा," खालून सुदर्शन म्हणाला. "काकांचा हात गेलाय."

"येकच मिनिट, पावणं."

तिसरा फोटो चांगला आला.

हनीफच्या गळपट्टीचं हाड मोडलं होतं. सोहळ्याचं नियोजन चोख असल्यानं रुग्णवाहिका हजर होती. मात्र मांडव गळत असल्यामुळं चार मजली केक तिच्यात ठेवला होता. तो न कापता हलवणं अशुभ, आणि पावसात कापणं अशक्य. तेव्हा हनीफला केकशेजारी झोपवून कार्यक्रम रुग्णवाहिकेतच उरकण्यात आला. मागच्या दारात गर्दी करून लोकांनी टाळ्यांसह शुभेच्छांचं गाणं दादाभाऊंना उद्देशून दोन वेळा म्हटलं. पहिला घास दादाभाऊंनी मोठ्या मनानं हनीफला भरवला.

"आधी गाडी हालवा!" दिलशाद ओरडली. "केक खाऊन हाड जुळत नस्तंय!"

इफरा बापाच्या डाव्या हाताला धरून बसली होती. गाणं संपल्यावर ती कानाशी वाकून म्हणाली, "अब्बा, तुमाला पण."

हनीफच्या डोळ्यांत पाणी आलं. ते हाडामुळं आलं असावं असं सगळ्यांनी मानलं.

अंतिम निकाल : महाळुंगे पडवळ बासष्ट, राजुरी पाच.

दवाखान्यात सुदर्शन चार तास बसून होता. दर अर्ध्या तासानं तो म्हणायचा, "काका, सांगून पडायला पायजे व्हतं." हनीफनं त्याला गटाराची गोष्ट सांगितली, वेळ जायला म्हणून. सोमवारी सकाळी महाळुंग्याची सात पोरं फावडी घेऊन आली आणि नाश्त्याच्या आधी त्यांनी ते गटार मोकळं केलं. मंगळवारी दादाभाऊंनी त्याचं लोकार्पण केलं.

हनीफचं मशीन दीड महिना बंद राहिलं. हात गळ्यात अडकवून तो दुकानात बसायचा, दिलशाद आणि इफरा गाद्या शिवायच्या. अशाच एका दुपारी इफरानं त्याला तो तिसरा फोटो दाखवला. तो रविवारीच सगळीकडं गेला होता. खाली ओळ होती : 'भर पावसात विजयी ट्राय मारताना आपले लाडके दादाभाऊ.' दादाभाऊ हसत होते. त्यांच्याखाली कागद, कागदाखाली पोरं, आणि सगळ्यांत खाली, चिखलात, एक उघडा पंजा आणि अर्धं तोंड.

फोटोला तीनशे बारा अंगठे होते. चौसष्ट जणांनी हात जोडले होते, एकोणीस जणांनी केक पाठवला होता. हनीफ बराच वेळ बोटानं यादी वर सरकवत राहिला.

"काय शोधताय, अब्बा?"

"खालचा कोण म्हणून कुणी इचारलंय का, ते बघतोय."

कुणीच विचारलं नव्हतं. त्यानं थोडा विचार केला आणि डाव्या हातानं आपलाही एक अंगठा दिला. तीनशे तेरावा. काही झालं तरी तो फोटो त्याचा होता. तोंड अर्धं का होईना, आलं होतं.

यादीत एकशे सेहेचाळिसावा अंगठा, वाचकहो, तुमचा आहे. चहा पिता पिता दिला असेल, आठवत नसेल. हनीफ निदान त्या फोटोत होता; तुम्ही त्यात कुठं होता, एवढं फक्त सांगा.